बेल किती वेळा दाबलीस?

…आणि दार उघडून या माणसानं मला विचारावं काय? "आलीस का" नाही, "कशी आहेस" नाही. "बेल किती वेळा दाबलीस?" एका हातात बॅग, दुसऱ्या हाताचं बोट दुखायला लागलेलं, समोरच्या काकू दाराच्या फटीतून बघतायत, आणि हे आपले उत्तराची वाट बघत उभे! यावर काय बोलायचं, सांगा तुम्ही. उंदरांचं विचारा यांना, सगळं सांगतील!

कारण आमचे हे, तुम्हाला सांगते, शास्त्रज्ञ आहेत. उंदरांच्या संसारावर संशोधन करतात. हसू नका, खरंच. एक जात असते म्हणे रानउंदरांची, एकदा जोडी जमली की जन्मभर सोडत नाहीत. तर हे काय करतात, त्या नवरा-बायकोला वेगळं ठेवतात, मध्ये दार, दाराला खटका. बायको खटका दाबत राहिली की दार उघडतं. किती वेळा दाबते, त्यावरून माया किती ते ठरवायचं! शिवाय तिच्या डोक्यात केसाएवढी बारीक तार. नवरा दिसला की मेंदूत जे काही उसळतं, ते तारेतून थेट यांच्या घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. हे त्याला 'दिवा पेटला' म्हणतात. तिकडे प्रयोगशाळेत पिंजरेच्या पिंजरे भरलेत, पण आज कुठली उंदरीण रुसली आहे ते यांना लांबून कळतं. लांबून!

आणि मी? कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून आले. पहिल्या दिवशी काही नाही. म्हटलं, दमलेत बिचारे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुढ्यात बसून विंचरले. तर म्हणतात कसे, "जरा बाजूला हो, पडदा दिसत नाही." अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणता! बॅग भरली, घराची किल्ली टेबलावर आपटली आणि तडक भावाकडे. ठरवलं, यांचा फोन आल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही.

आता फोन यायला नको? उशाशी घेऊन झोपले, आंघोळीला जाताना नेला, बिघडलाय की काय म्हणून वहिनीच्या फोनवरून लावूनसुद्धा बघितला. चांगला खणखणीत वाजला हो! वहिनी आधी म्हणायची, राहा हो ताई, तुमचंच घर आहे. मग म्हणायला लागली, तिकडे भावजींच्या जेवणाचे हाल होत असतील ना? मग माझ्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलं. मग शिलाई मशीन. समजायचं ते समजले आणि न बोलावता आले परत, नाक मुठीत धरून.

किल्ली मीच टाकून गेलेली ना! मग काय, दाबा बेल. दाबते, दाबते, दाबते… आत हे बसलेले. काय बघत? पडद्यावर ती उंदरीण खटका दाबतेय, ते! तिचा एकेक खटका मोजतायत, आणि इकडे बायको दारात… उंदरांचं विचारा यांना, सगळं सांगतील!

आत येऊन म्हटलं, एक फोन करता आला नाही? तर यांनाच नवल वाटलं. "फोन कसा करणार? मध्ये एकदा जरी आवाज कानावर पडला, तरी विरह मोडतो. उंदरांना तर आम्ही वाससुद्धा लागू देत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "मी रोज फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो."

ऐकलंत? माणूस रोज फोन हातात घेत होता, आणि नियम म्हणून ठेवत होता! रडावं का हसावं? पण खोटं कशाला सांगू, पोटात कुठंतरी बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी बरं वाटलं. म्हणून धीर करून विचारलं, "मग मला दारात बघून तुमचा दिवा पेटला का?"

हे खोटं बोलत नाहीत हो, तेवढा एक गुण आहे. बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पेटला असावा. पण माझ्या डोक्यात तार नाही ना… खात्रीनं कसं सांगू?"

मग मी केसांचं तर विचारलंच नाही. टेबलावर किल्ली होती, मी आपटली तिथेच, तिच्यावर यांनी चहाचा कप ठेवलेला. काढली, पुसली, पर्समध्ये टाकली. यापुढे भांडून गेले ना, तर किल्ली घेऊन जाणार. राग आपल्या जागी… बोट दुखतं हो.