हरेशराव कुठे पडले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या धावक मंडळात वयाने सर्वांत मोठे आणि तरीही रोज सर्वांच्या पुढे असणारे धर्मराजदादा. प्रमुख पाहुणे, आपल्या टी-शर्टांचे दाते आणि आपल्या भागातल्या फुटपाथांना पेव्हर ब्लॉक पुरवणारे अंकुशशेठ. ज्यांना आपण आज निरोप देतो आहोत ते हरेशराव मढवी. पहिल्या रांगेत बसलेल्या आणि ज्यांच्या हुकमाने हा निरोप निघाला त्या अमितावहिनी. आणि रविवारची सकाळ असूनही आंघोळ करून आलेल्या माझ्या धावक बंधू-भगिनींनो,

खरं तर आपल्या मंडळात निरोपाची पद्धत नाही. ज्याला धावणं सोडायचं असतं तो गुडघ्याचं नाव सांगतो, मग ग्रुपवर नुसते फुलांचे फोटो पाठवू लागतो, आणि एक दिवस आपल्याला कळतं की हा गेला. पण वहिनींनी सांगितलं, तसं चालणार नाही. चारचौघांत शाल-श्रीफळ द्या. एकदा अंगावर शाल पडली की माणसाला पुन्हा हाफ पँट घालायची लाज वाटते. निवृत्तीचं इतकं अचूक शास्त्र मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आता मी अडचणीत कसा आलो ते सांगतो. मघाशी या सभागृहाच्या दारात वहिनींनी मला अडवलं. म्हणाल्या, "सर, फुटपाथ हाय. चांगला बांधलाय, कडेला रंगवलाय. तरी तुमी लोक रस्त्यावरूनच का धावता? आज भाषनात त्याचं उत्तर द्या. नायतर भाषन करू नका."

माईक तर हातात आला. उत्तर आलेलं नाही.

तसं मी विचारून पाहिलं. खुर्च्या लावता लावता तिघांना विचारलं. एक म्हणाले, डांबर मऊ असतं, गुडघ्यांना बरं. मी म्हटलं, अहो, आपला रस्ता तर काँक्रीटचा झाला. ते म्हणाले, हो, ते खरं. आणि ज्या समाधानाने त्यांनी "डांबर मऊ" म्हटलं होतं, त्याच समाधानाने पुढची खुर्ची उचलली. दुसरे म्हणाले, फुटपाथवर माणसं फार. पहाटे, अंधारात, कुठली माणसं? तर म्हणाले, नसतात, पण असू शकतात. अध्यक्षांना विचारलं. दादा म्हणाले, "सवय." ही त्यांच्या शिरवणे गावची पद्धत. एका शब्दात विषय मिटवायचा आणि चहा मागवायचा.

बरं, फुटपाथ वाईट आहेत म्हणावं, तर खाडीच्या बाजूचा तो लांबलचक सपाट पट्टा आठवा. ना झाड मध्ये, ना विजेच्या डीपीचा डबा, ना वाढदिवसाच्या बॅनरचा बांबू. मागच्या हिवाळ्यात आपण ठरवून तिथे गेलो. ठरवून फुटपाथवर धावायला लागलो. थोड्या वेळाने पाहतो तर सगळे खाली रस्त्यावर. कोणी कोणाला सांगितलं नाही. आधी कोण उतरलं यावर अजून वाद आहे.

आणि गंमत अशी की हाच मी दुपारी गाडीत बसलो आणि एखादा धावणारा पुढे आला, की हॉर्न वाजवून म्हणतो, याला फुटपाथ दिसत नाही का? म्हणजे प्रश्न वहिनींचाच, विचारणारा मी, आणि ज्याला विचारायचं तोही मीच. तिघांपैकी एकाला तरी उत्तर यायला हवं होतं की नाही?

असो. हरेशरावांबद्दल बोलायला उभा आहे, त्यांच्याबद्दल बोलतो.

हरेशराव न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहेत. दिवसभर कंटेनर, कस्टमचे कागद आणि ट्रकवाल्यांचे आवाज. माणूस सांगायचा, "सर, पहाटेचा एक तास मला कोन हाक मारत नाय, तेवढ्यासाठी येतो." वेळेचा ध्यास नाही, पदकांचा शौक नाही. कोणी दमून मागे पडला तर हा गृहस्थ बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून थांबणार. त्यांच्या नाड्या इतक्या वेळा कशा सुटतात हे नव्या लोकांना कळायला दोन महिने लागतात.

आणि शब्दाचे पक्के. त्याची एक आठवण सांगतो आणि थांबतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वहिनींनी मोबाईलवर कुठलीशी अपघाताची बातमी पाहिली आणि यांच्याकडून शब्द घेतला, की धावायचं तर फुटपाथवरूनच. दुसऱ्या दिवशी बाकीचे पुढे निघून गेलेले, आम्ही दोघेच मागे. हरेशराव म्हणाले, "सर, आज मी वरून. घरी शब्द दिलाय."

मग मी खाली रस्त्यावर, ते वर फुटपाथवर, असे आम्ही बोलत निघालो. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ संपतो आणि गेट ओलांडलं की पुन्हा गुडघ्याएवढा उंच सुरू होतो. मी सरळ चाललोय, आणि हा माणूस उतरतोय, चढतोय, उतरतोय, चढतोय. मी म्हटलं, "काय हरेशराव, गड चढताय का?" तर म्हणाले, "घरचा आदेश हाय. गड असला तरी चढायचा."

थोडं पुढे गेलो तर मागून एक डिलिव्हरीवाला स्कूटर घेऊन त्याच फुटपाथवर चढला आणि यांना हॉर्न मारू लागला. "ओ काका, बाजूला." हरेशराव म्हणाले, "अरे, मी फुटपाथवर हाय." तो म्हणाला, "मी पण." यांनी बाजूला पाय टाकला, तिथला एक ब्लॉक एका अंगाने वर आलेला होता, पाय त्यात गेला आणि हा माणूस खाली बसला. अंकुशशेठ, ब्लॉक तुमचा होता असं मी म्हणत नाही. ब्लॉकवर नाव नसतं.

घोटा बघता बघता सुजला. मी रिक्षा थांबवली, त्यांना आत बसवलं. त्या अवस्थेतही हसून म्हणाले, "सर, बायकोचं ऐकलं आनि पडला, असं कोनी म्हनायला नको हां." मीही हसलो. असा हा दिलदार...

काय, वहिनी?

मागच्यांना ऐकू आलं नसेल. वहिनी उभ्या राहिल्यात आणि विचारतायत, कुठं पडले म्हणालात?

फुटपाथवर, वहिनी. तुम्हाला माहीतच...

वहिनी म्हणतायत, "मला तर सांगितलं, सिग्नलजवळ ट्रकनं कट मारला."

ट्रक? कुठला ट्रक? हरेशराव, त्या रस्त्यावर तेव्हा ट्रक नव्हता, आपण दोघं आणि तो स्कूटरवाला... हरेशराव, तुम्ही खाली का बघताय?

थांबा. म्हणजे त्या रिक्षातलं बोलणं विनोद नव्हता. मी इतके महिने तो विनोद समजून चार ठिकाणी सांगितला. फक्त वहिनींच्या कानावर नाही, कारण वहिनी आपल्यात धावत नाहीत. दादा, मी खाली बसू का? नको? बरं.

हरेशराव काही सांगतायत. हा माईक घ्या. नको म्हणतात, मीच सांगतो. ते वहिनींना म्हणाले, "तुझ्या शब्दावर फुटपाथवर गेलो. तिथंच पडलो म्हटलं असतं, तर तू रोज सोताला लावून घेतलं असतंस. त्यापेक्षा धावनं गेलं तर गेलं."

म्हणजे मंडळी, नसलेल्या ट्रकला घाबरून वहिनींनी यांचं धावणं बंद केलं, आणि यांनी ते मुकाट्याने बंद होऊ दिलं, आणि आपण सगळे त्याचा सत्कार करायला बसलो आहोत. मला यातलं नक्की काय कळायला हवं, ते कळत नाही.

वहिनी म्हणतायत, "त्या ट्रकवाल्याला मी पावसाळाभर शिव्या घातल्या. त्याच्या पोराबाळांना पन सोडलं नाय."

हसू नका. हरेशरावही हसतायत, पण त्यांना हक्क आहे.

अध्यक्ष विचारतायत, "अमिता, मग निरोप द्यायचा का नाय?" वहिनी जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण आज माझ्या पदरचं पुष्कळ सांगून झालं. त्या यांच्याकडे वळून म्हणाल्या, "धावा. रस्त्यावरून धावा नायतर फुटपाथवरून धावा. ते मला कळत नाय, तुमच्या सरांना पन कळत नाय. पन पडलात तर जिथं पडलात तिथलंच नाव मला सांगा."

हरेशराव मान हलवतायत. तोंडाने हो म्हणा, वहिनी थांबल्यात. म्हणाले.

मंडळी, हा आता निरोप समारंभ राहिला की नाही, याचा निर्णय अध्यक्षांनी द्यावा. माझ्याकडून मी अध्यक्षांचे आभार मानतो, अंकुशशेठचे टी-शर्टांपुरते आभार मानतो, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलाही ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर सांभाळून घ्या. जास्त झालं असेल, आणि ते झालंच आहे, तर आधी वहिनींना विचारा आणि मग मला माफ करा.