थांबते झकास, पण उभी राहत नाही

नाही उतरणार, म्हटलं ना! जो येतो तो खिडकीत डोकं घालून तेच, 'आजोबा, उतरा, जरा पाय मोकळे करा.' अरे, मी पाय मोकळा केला तर गाडी मोकळी होईल! ब्रेकवर दाबून बसलोय... समोर उतार दिसतोय ना? आणि तू रे टकल्या, दात काढू नकोस, बरोब्बर चाकापुढे तूच उभा आहेस!

तुम्हाला सांगतो, असली घाण सुधारणा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. गाडी थांबते झकास, पण उभी राहत नाही! शी!

चांगली होती हो गाडी. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे गोल डबा, आतल्या आत बिचारे घासत बसलेले. किंचाळायचे थोडे. आमची ही पण किंचाळते, म्हणून काय बदलून आणली? पण एकदा पोरगा शेजारी बसलेला, मी आपलं गमतीनं ओरडलो, 'लागेना रे, ब्रेक लागेना!' तर हा पांढराफटक! गंमतच कळत नाही या लोकांना. तेव्हापासून एकच धोशा, 'बाबा, तुम्हाला झेपत नाही, चावी द्या.' चावी द्या म्हणे! माझी गाडी, माझी चावी!

म्हणून गेलो उस्तादकडे. उस्ताद म्हणजे आमचा मेकॅनिक, बोलतो असा की जणू विमानंच दुरुस्त करतो. 'ड्रम? छ्या! मागे पण डिस्क टाकू आजोबा. उघडी थाळी, दोन्हीकडून चिमटा, कचकन!' म्हटलं टाक. हिनं फोनवर बहिणीला सांगितलं, 'अगं, यांची मागची डिस्क बदलायचीय!' झालं! मेहुणी रडत रडत दारात, हातात गरम पाण्याची पिशवी! मग मी पण कण्हलो जरा... चांगली पाठ शेकून घेतली, सोडतो काय!

गाडी आली. पाय दाबला, कचकन! हिचा चष्मा समोरच्या काचेवर. वा! घरी आलो, हँडब्रेक ओढला, उतरलो, दार लावलं... आणि गाडी निघाली की हो माझ्याशिवाय! शेजाऱ्याच्या फाटकाला जाऊन भिडली.

उस्तादला धरला. 'हँडब्रेक कुठाय रे?' तर म्हणतो, 'आजोबा, तो त्या ड्रमातच होता.'

'आणि ड्रम?'

'भंगारात.'

'मग हा दांडा कशाला ठेवलास?'

'हात टेकायला बरा पडतो!'

शी शी शी! थांबते झकास, पण उभी राहत नाही!

काय म्हणालात बाई? गिअरमध्ये टाका? टाकतो की, पण म्हातारा गिअर आहे, माझ्या कवळीसारखा आपोआप निसटतो. दगड? लावला होता! तो समोरचा वॉचमन, 'रस्त्यात दगड नको' म्हणून उचलून घेऊन गेला, आणि आता त्याच्यावरच बसलाय बघा, साहेबासारखा!

वर दातांच्या डॉक्टरकडे आमची ही गेलीय दाढ काढायला, पोरगा सोबत. जाताना बोट नाचवत गेला, 'बाबा, पुन्हा गाडी घरंगळली तर चावी माझ्याकडे, कायमची.' म्हणून बसलोय मी! पोटरीत गोळा आला, कमरेखाली सगळं बधीर, आणि त्यात सकाळपासून दोन तांबे पाणी प्यायलोय... हसू नका रे! हसलात की मलाही हसू येतं, आणि मला आत्ता हसणं परवडणार नाही!

सरका, सरका, आला बघा लाटसाहेब! काय म्हणतोस? 'बाबा, दमलात, उतरा, मी चालवतो'? अरे घे! चावी घे, गाडी घे, फाटकाची भरपाई पण तूच घे! आधी तेवढा इथे पाय ठेव... दाबलास? घट्ट? हं. आता बस बाबा जन्मभर. अहो वॉचमन, मुतारी कुठल्या बाजूला?