बावीस नंबरचं दार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या कागद कारखान्याच्या महाव्यवस्थापक बाई; प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले आपले निवृत्त मुख्य अभियंता साहेब; व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले कामगार संघटनेचे सचिव; लगदा विभागापासून गोदामापर्यंतचे माझे सर्व सहकारी; आणि आज पहिल्यांदाच माझा चेहरा पाहणारे तुमच्यातले निम्मेअधिक श्रोतेहो, सर्वांना माझा नमस्कार.

निम्मेअधिक म्हणालो ते विनोदाने नव्हे. एकतीस वर्षं मी तळघरातल्या संगणक कक्षात काढली. तुमची-माझी ओळख झाली ती फोनवर, तीही तुम्ही पासवर्ड विसरलात म्हणून. मघाशी आत येताना दारातल्या एका भल्या गृहस्थांनी मला विचारलं, "आपण कुणाच्या निरोपाला आलात?" म्हटलं, "माझ्याच."

हसा, हसा. माझ्या आधी सचिवसाहेब माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. एकतीस वर्षांत आपल्या यंत्रणेत एकही परका माणूस शिरला नाही, असं त्यांनी सांगितलं आणि मानपत्रातही ते छापलंय. तुम्ही माझ्या पाठीमागे मला 'कडीकाका' म्हणता, हेही त्यांनी उघड केलं. मला ते ठाऊक होतं. तुमच्या मेलवर माझं लक्ष असायचं असा गैरसमज नको. तुम्ही जिन्यात फार मोठ्याने बोलता, एवढंच.

मी चार आभाराचे शब्द लिहून आणले होते. ते खिशात आहेत. पण एवढं कौतुक कानावर पडल्यावर ते वाचून खाली बसणं मला जमेना. अध्यक्षबाईंनी दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली सात-आठ एका कबुलीला देतो.

त्यासाठी थोडं तंत्राचं सांगावं लागेल. गोदामातल्या मंडळींनी लगेच घड्याळ बघू नये. संगणकात बाहेरून शिरायला क्रमांक टाकलेली दारं असतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. दूर बसून संगणक चालवायचा, तर त्याचं ठरलेलं दार बावीस नंबरचं. ते सगळ्या जगाला ठाऊक, म्हणून चोरांनाही ठाऊक. चोर म्हणजे माणसं नव्हेत बरं का, प्रोग्रॅम असतात. ते दारोदार फिरत विचारतात, "अ‍ॅडमिन आहे का? टेस्ट आहे का? गेस्ट आहे का?" यावर उपाय दोन. पासवर्ड बंद करून किल्ल्यांची जोडी करायची. एक किल्ली येणाऱ्यापाशी, तिची जोडीदार आपल्या संगणकात. जुळल्या तरच कडी निघते. दुसरा उपाय म्हणजे दारच हलवायचं, बावीसवरून पन्नास हजारांतल्या कुठल्यातरी आडनंबरावर. झालं तंत्र. संपलं.

घरच्या संगणकावरही मी किल्ल्यांचा उपाय केला होता, दार तेवढं बावीसवरच ठेवलं होतं. बायको म्हणायची, "अहो, एवढ्या कड्या कशाला? आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" तरी तिला मी तिचं स्वतःचं खातं काढून दिलं. खात्याचं नाव तिनेच ठेवलं, 'ठकी'. हे तिचं लहानपणचं घरातलं नाव. तिची आई गेल्यावर ते जगात दोघांनाच माहीत उरलं, मला आणि आमच्या मुलीला.

मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा तिची किल्लीही मी त्याच खात्यात बसवून दिली. मायलेकींनी आत एक फाइल केली होती. मुलगी तिच्या सवडीने यायची, दोन ओळी लिहून जायची. सकाळी आई वाचायची आणि खाली उत्तर लिहायची. फोन असताना हा उद्योग कशाला, असं मी एकदा विचारलं. बायको म्हणाली, "फोनवर तुम्ही ऐकता." मग मी कानाला खडा लावला.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली.

आपल्या कक्षाचा नियम तुम्हाला माहीत आहे. माणूस संस्था सोडून गेला की त्याचं खातं बंद. मी तो नियम एकतीस वर्षं पाळला. उद्या माझंही खातं बंद होईल, व्हायलाच हवं. पण मित्रहो, हाच नियम मी घरी पाळला. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी संगणकापुढे बसलो आणि ठकीचं खातं काढून टाकलं. फाइली एका डिस्कवर उतरवून कपाटात ठेवल्या. दोन दिवसांनी दारही बावीसवरून आडनंबरावर हलवलं. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला हातांना काहीतरी काम हवं होतं. दुसरं कुठलं काम मला येतं?

माणसं पांगली. मुलगीही परत गेली. जाताना तिने विचारलं, "बाबा, आईचं ते सगळं आहे ना?"

मी म्हटलं, "एकदम सुरक्षित आहे. कोणी हातसुद्धा लावू शकणार नाही."

तिने बॅग उचलली. मला वाटलं, तिची खात्री पटली.

पुढचे सहा महिने कसे गेले ते थोडक्यात सांगतो. दोन खोल्या, दोन खुर्च्या आणि त्यातली एक कपडे टाकायला. सकाळी मी चहा घेऊन संगणकाची नोंदवही उघडायचो, रात्रीतून कोणी दार वाजवलं का ते बघायला. दार हलवलेलं, त्यामुळे एकही नोंद नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. पण खरं सांगू? माझ्या दाराशी कुत्रंही फिरकत नव्हतं, आणि ते मला दररोज सकाळी छापील दिसत होतं.

एका रविवारी मला ते सहन होईना. मी उठलो आणि दार परत बावीसवर आणलं.

सचिवसाहेब, तुम्ही ज्याच्या हातात मानपत्र दिलंत त्या माणसाने हे शुद्धीत असताना केलं. पासवर्ड बंदच ठेवला होता, आत कोणी येणार नव्हतं. पण पहिल्या तासात चाळीस टकटका झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊशे! मी चहा पीत वाचत बसलो. अ‍ॅडमिन येऊन गेला, टेस्ट येऊन गेला. हे चोर आहेत, यंत्रं आहेत, हे मला कळत होतं. पण कोणीतरी आहे का म्हणून विचारत होतं ना! माणूस एकटा पडला की चोराच्या पावलांचीही वाट बघतो, हे मला साठीला कळलं.

नोंदी फार होऊ लागल्या, म्हणून मी सोय केली. रोज फक्त सर्वांत जास्त वेळा आलेली दहा नावं दिसतील. दीड वर्ष मी ती दहा नावं वाचली.

गेल्या महिन्यात माझ्या जागी येणाऱ्या बाईंना काम शिकवत होतो. त्या समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. शिकवायला नमुना म्हणून घरची नोंदवही आणली, अख्खी, नावांच्या क्रमाने लावून. बाई बोट फिरवत वाचत होत्या. मध्येच थांबल्या.

"सर, ही बाकी सगळी मशीनने काढलेली नावं वाटतात. हे 'ठकी' कुठून आलं?"

चार ओळी होत्या. माझी मुलगी राहते त्या शहरातून. दुपारी चार वाजून दहा मिनिटांपासून साडेचारपर्यंत, चार वेळा. तारीख तिची आई गेल्याला बरोबर एक वर्ष झालं, तीच. आणि चारही ओळींपुढे माझ्या संगणकाचा शेरा होता, या नावाचं इथे कोणी नाही.

बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्याबद्दल त्यांचे आभार आजच मानतो.

त्यानंतर मुलीने दार वाजवलेलं नाही. आणि दार आडनंबरावर होतं त्या सहा महिन्यांत ती किती वेळा येऊन गेली, ते मला कधीच कळणार नाही. जिथे दार नाही, तिथल्या टकटकीची मी नोंदच ठेवत नव्हतो. मला ती फोनवर एवढंच विचारते, "बाबा, जेवलात का? गोळ्या घेतल्यात का?" मी हो म्हणतो. कामात असेल, म्हणून बोलणं तुटक झालं असेल, असं मी धरून चाललो होतो. आईच्या नावाने आलेल्या मुलीला आपण दारातून परत पाठवलं, हे बापाच्या गावीही नव्हतं.

ते खातं मी त्याच दिवशी पुन्हा उभं केलं. तिची किल्ली बसवली. फाइल कपाटातून काढून जागेवर ठेवली. वाचली नाही. यंत्रणेच्या मालकाला सगळ्यांचं सगळं वाचता येतं, म्हणूनच त्याने वाचायचं नसतं. सगळं तयार आहे. महिना झाला. मी रोज सकाळी अख्खी यादी वाचतो, आणि तिला अजून कळवलेलं नाही. का नाही, म्हणाल तर भीती वाटते. कळवायचं म्हणजे काय केलं ते सांगावं लागेल.

मानपत्रातलं वाक्य खोटं नाही. परका कोणीच शिरला नाही. पण आपलं माणूस किती वेळ बाहेर उभं होतं, याचा रकाना आमच्या कुठल्याच अहवालात नसतो. तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुम्ही तो घाला.

असो. अध्यक्षबाई आणि मान्यवर, एका तळघरातल्या माणसासाठी आपण एवढा वेळ काढलात, उपाहारगृहाच्या मंडळींनी सकाळपासून राबून जेवण केलं, ध्वनिक्षेपकवाल्या मित्राने माझा बारीक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवला, आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. एकतीस वर्षांत फोनवर कुणाला तोडून बोललो असेन, कुणाचा पासवर्ड मुद्दाम दुसऱ्या दिवशी दिला असेन, आज कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी.

'मला क्षमा करावी' हे वाक्य मी घरी महिनाभर म्हणून बघतोय. आज पहिल्यांदा माणसांसमोर पूर्ण म्हणता आलं. जेवायला तुम्ही सुरुवात करा, माझ्यासाठी थांबू नका. मी जरा बाहेर व्हरांड्यात जाऊन मुलीला फोन लावतो.