गमछ्याचा दरवाजा

धडगावची जीप पूर्ण भरल्याशिवाय तळोद्याहून हलत नाही. माहेरी निघालेली रूपल पुढच्या सीटवर खोळंबली होती. तिच्या शेजारी सलाउद्दीन सुतार बसला होता, त्याच्या मांडीवर हातभर लांबीची लाकडी जीप. चालक भटू खिडकीतून वाकून बघत होता.

"चाचा, हाई तर मन्हीच गाडी शे!"

"तुन्ही आते. आधी मन्हा पोऱ्या अकीलनी व्हती ना. त्यानी इकी टाकी, तैपासून त्यानी पोर अतिका बापसंगे बोलत नही. तो सुरतहून फोन करस, ती उठी जास."

"म्हनीसन नातसाठे बनाडी?"

"तिले ठाऊक नही. घर गया का एकदम मव्हरे ठेवसू. वळखी ना रे?"

"टपवरला कॅरिअर बराबर. फुटेल दिवा बी बराबर. पन डावीकडे दरवाजा?"

"पोर तठे बसे. पडी जाई म्हनीसन लावा."

"लाकडानी गाडीमाईन?"

"आजाना जीव शे, भटू."

"अकीलनी गाडीले तठे दरवाजा कधी व्हता, चाचा? तो तिन्हा मव्हरे गमछा बांधे."

सलाउद्दीनने पिशवीतली पटाशी काढून दरवाजा अलगद सोडवला. भटूने सीटखालून विटका लाल गमछा ओढला.

"त्यानाच शे. गाडीसंगे ऱ्हाई गया." त्याने टर्रकन चिंधी फाडली.

जीप केव्हाच भरली होती.

"भटूभाऊ, निंघा ना आते!" मागून कुणीतरी ओरडलं.

रूपलने छोटी जीप दोन्ही हातांनी घट्ट धरली. सलाउद्दीन गाठ आवळू लागला.

"ढिला बांधा, चाचा," भटू म्हणाला. " तिले घाट देखाले वाकनं पडे."