दारावरचा नंबर

...आणि वर मलाच विचारतो, "कर्ज घेताना लाज नाही वाटली?" मला! सकाळची वेळ, माझ्या तोंडात ब्रश, तोंडभर फेस, आणि फोनवर हा कोण कुठला कार्टा... "ए म्हाताऱ्या, हप्ता कधी टाकतोस?" तुम्हाला सांगतो, माझा बाप मला लाथ मारायचा, पण आधी नावाने हाक मारायचा. कसलं कर्ज? कुणाचं कर्ज? कुणाचं काही घेतलेलं नाही मी.

किल्लीवाला आहे मी. कोपऱ्यावर टपरी, दोन कानशी, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. लोकांची घरं उघडून देतो, कपाटं उघडून देतो, तिजोऱ्या उघडून देतो. आणि एक रिवाज पाळतो. कुलूप उघडल्याचा खट्ट आवाज आला की मी पाठ फिरवतो. दार मालकाने उघडायचं. आत सोनं असो, नाहीतर नवऱ्याने लपवलेली बाटली असो, मी बघत नाही. हा धंदा कानशीवर चालतो असं वाटतं तुम्हाला? पाठीवर चालतो!

तर झालं काय, ऐका. कुणी एक गृहस्थ. मी त्याला ओळखत नाही, आता तर ओळखायची इच्छाही नाही. फ्रिज घेतला, सोफा घेतला, गाडी घेतली, सगळं हप्त्यावर, आणि एक दिवस घराला कुलूप लावून पसार. सोफ्यासकट! वसुलीवाला गेला त्याच्या दारी. दाराला कुलूप. आणि दारावर काय? माझा स्टिकर! "किल्ली हरवली? फोन करा." खाली माझा नंबर. अहो, कुठल्या दारावर माझा स्टिकर नाही? जिन्यात आहे, लिफ्टजवळ आहे, दवाखान्याच्या संडासात आहे. ह्या शहाण्याने काय केलं? तो नंबर उतरवून घेतला. कर्जदाराचा नवा नंबर म्हणून! आता मला सांगा, पळून जाणारा माणूस दारावर आपला नंबर चिकटवून जातो का? "पैसे मागायला आलात तर इथे फोन करा" म्हणून?

बरं, ह्याने चूक केली ती केली. पुढे कंप्युटरने त्याच्यावर कडी केली. त्या नंबरावर बँकेत माझं खातं, म्हणून त्या भामट्याच्या कर्जाला माझं नाव जोडून टाकलं! मला पत्ताच नाही. मी ऐटीत गेलो दुकानात, गाड्यांच्या किल्ल्या कापायचं नवं मशीन घ्यायला. रोख देणार होतो, पण दुकानदार म्हणाला, हप्त्यावर घ्या, सगळे घेतात. त्याने काहीतरी टकटक केलं, आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. जराशीच. जसं काही मला खरूज झालीय. "काका, तुमची पत एकदम खाली आहे हो." चार गिऱ्हाइकांसमोर! कुणाचं काही घेतलेलं नाही मी, म्हटलं. तर म्हणतो, "सगळे असंच म्हणतात."

घरी आलो, बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरातून काय म्हणते? "घेतलं असेल तर घेतलं म्हणा. माझं म्हणणं एवढंच, त्यातून मला काय आणलंत?"

वसुलीवाला तर आता टपरीसमोर येऊन उभा राहायला लागला. काळा चष्मा, कानात ते वायर नसलेलं यंत्र, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "यांच्याकडे घराची किल्ली देताय? बघा बुवा, बुडवे आहेत." डॉक्टरीणबाईंची तिजोरी मी उघडून दिलीय, त्यांच्या सासूचे दागिने होते म्हणे आत, मी बघितलेसुद्धा नाहीत. त्या बाई आल्या, हे ऐकलं, पर्स काखेत घट्ट धरली आणि म्हणाल्या, "राहू दे, पुढे करून घेते." पाठीवर चालणारा धंदा हो माझा! आणि तो उभा राहून पाठीतच खुपसत होता. कानशीला गंज चढायला लागला. आठवडेच्या आठवडे एक किल्ली नाही.

मग केली तक्रार. सरकारकडे. मोबाईलवर करा म्हणाले. एक नंबर आला, तो टाकला, दुसरा आला, तो टाकेपर्यंत पहिला शिळा झाला. शेवटी बायकोच्या भाच्याने करून दिली आणि दिवसभर घरात बसून जेवून गेला. मग मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. आपण आम्हाला किती तारे द्याल?" तारे! दिवसाढवळ्या दिसत होते मला!

गेलो मग स्वतः त्या सरकारी ऑफिसात. काचेपलीकडे मॅडम. काचेला एक भोक, तेही त्यांच्या तोंडासमोर, माझ्या नाही. वाकून बोलायचं. मी आयुष्यात फक्त कुलपासमोर वाकलो होतो. "नंबर तुमचाच ना?" माझाच. "दारावर तुम्हीच लावला ना?" मीच. "मग?" मग काय मग! म्हटलं, मॅडम, कुणाचं काही घेतलेलं नाही मी. तर म्हणतात, "ठीक आहे ना. मूळ कर्जदाराला घेऊन या. तो म्हणाला, कर्ज माझं, की लगेच तुमचं नाव काढतो." म्हटलं, तो पळालाय! "मग शोधा. तुमच्याकडे त्याचा पत्ता आहे ना?"

आता पुढचं ऐका. परवा फोन वाजला. अनोळखी नंबर. "काका... काका, मी बोलतोय..." आवाज ओळखला. हाच तो वसुलीवाला! रोज "ए म्हाताऱ्या", आज काका! हा भाजी आणायला खाली उतरला, दार मागे बंद झालं, किल्ली आत, फोन आत. सासू बरोबर होती, तिच्या फोनवरून बोलत होता. "दुसऱ्या कुणाचा नंबर पाठ नाही हो काका. तुमचाच तेवढा पाठ आहे." असेलच! जपमाळ ओढावी तसा रोज लावत होता!

जायला नको होतं म्हणता? घरात चूल थंड होती, गेलो. हा जिन्यात बसलेला, मांडीवर दुधी भोपळा. सासू त्याला असं काही बोलत होती की मी मुद्दाम हळूहळू काम केलं. मग खट्ट झालं. रिवाजाप्रमाणे मी पाठ फिरवली. आणि त्याने काय केलं? सासूला आत ढकललं, आत घुसला, आतून कडी लावली! कुलूप उघडतं हो बाहेरून, आतल्या कडीला मी काय करणार? म्हटलं, मजुरी? आतून आवाज, "तुमच्या कर्जातून वळती केली समजा!"

मग मीही लावला फोन. रोज सकाळी. तो उचलेना. मग सासूला लावला, तिचा नंबर आला होता ना माझ्याकडे! "जावई मजुरी बुडवतो तुमचा." तिला एवढा आनंद झाला की तीच उलट मला फोन करायला लागली. त्याच्या ऑफिसबाहेर उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. खोटं काय बोललो?

त्याने तक्रार केली. त्याच ऑफिसात. आणि मला त्याच दिवशी बोलावणं! मॅडमनी पहिल्यांदा मला खुर्ची दिली. म्हणतात, "वसुलीसाठी घरच्यांना छळणं गुन्हा आहे, काका. फार गंभीर आहे." म्हटलं, माझं काय झालं? "तुमचं मिटलं की! मजुरी कर्जात वळती केली ना त्यांनी, म्हणजे तुम्ही एक हप्ता भरलात. हप्ता भरला म्हणजे कर्ज मान्य." तर आता सरकारी नोंदीत कर्ज बुडवणाराही मीच आणि वसुलीसाठी छळणाराही मीच. दोन्ही टोकं माझ्याच हातात!

उठलो. तर मॅडम म्हणतात, "काका, जाता जाता तेवढा ड्रॉवर बघा ना, कुलूप अडकलंय." बसलो खाली. उघडला. खट्ट झालं, पाठ फिरवली, आणि तसाच चालत बाहेर आलो. मजुरी मागितली नाही. मागितली की वसुली होते ती.