फायलीतला हत्ती

हरारेत मिनीबसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“मैदेई, तो विमावाला अजून तुझ्या फाटकाशी उभा असतो?”

“आता नाही. आमच्या ऑफिसातल्या मेल्या कारकुनानंच त्याला माझा नंबर दिला, पत्ता दिला, बिनलग्नाची आहे हेही सांगितलं.”

“मग गं?”

“मग मी ऑफिसच्या फायलीत माझं देवक हत्ती लिहून टाकलं. त्याचंही हत्तीच.”

“अगं, तुझं तर माकड!”

“घरी माकड, फायलीत हत्ती. चौथ्या दिवशी त्याचा फोन, ‘ताई, माफ कर. एका देवकाची म्हणजे सख्खी बहीणच.’”

“आणि कारकून?”

“साहेबांना मी एवढंच म्हणाले, माझी माहिती बाहेर जाते. साहेबांनी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून कारकून ओरडला, ‘हत्तीचं मी कुणाला बोललो नाही!’”