हाडावरची बकरी

—नाही हो, आम्ही राक्षसांची हाडं म्हणायचो त्यांना! मॅमथ-बिमथ हे प्रोफेसर हावलिक माझ्याकडे भाड्यानं राहायला आले तेव्हा कळलं. आमचे आलोइस—देवाघरी गेले, सात वर्षं झाली—ती हाडं कुटून कोबीला घालायचे. आणि कोबी असा यायचा, दोन हातांत मावायचा नाही! हे ऐकून प्रोफेसर मटकन खालीच बसले. ‘बोझेनाबाई, हजारो वर्षांचा इतिहास तुम्ही कोबीतून खाल्लात!’ खाल्ला तर खाल्ला. आम्हाला काय माहीत?

मध गाळून व्हायचाय अजून, तोवर बसा. तर ते मागच्या दरडीत उन्हाळाभर खणत होते. मॅमथची हाडं ढीगभर निघाली, पण माणसाची खूण एक नाही—आणि त्यांना तीच हवी होती, त्या काळीही माणूस होता हे दाखवायला. मग व्हिएन्नाहून त्यांच्या संग्रहालयाचं पत्र आलं, काही सापडत नसेल तर परत या. झालं, त्यांचं जेवणच सुटलं. आलुबुखार भरून उकडलेले माझे कणकेचे गोळे—मोराव्हियात कुणी नाही म्हणत नाही—तसेच ताटात! मला बघवेना. म्हणजे... भाडेकरूची काळजी नको का घ्यायला?

म्हणून मी—हे आपल्या दोघांतच हं—सूपमधली बैलाची बरगडी घेतली, चाकूनं चित्र कोरलं, धुरावर धरली, माती चोळली आणि दिली दरडीत पुरून. सापडली तेव्हा प्रोफेसर चिखलात नाचले! मला उचलून गरकन फिरवलं—मला, ऐंशी किलोच्या बाईला! ‘आदिमानवानं कोरलेला घोडा!’ घोडा? दाढी दिसत नाही? आमची बकरी आहे ती, लिस्का! पण बोलणार कुणापाशी?

अहो, लिहिताय काय? तुम्ही मधाचे व्यापारी ना? नाही? संग्रहालयातून आलात? अरे देवा! हे बघा, त्यांचा काही दोष नाही, न्यायचं तर मला न्या, बेड्या घाला—

काय? त्यांनीच कळवलंय, बरगडी बैलाची आहे म्हणून? कधी? त्याच आठवड्यात? हं, कळणारच, हाडं ओळखण्यात जन्म गेला त्यांचा. आणि कुणी कोरलं ते सांगायला नकार दिला? मग परत का नाही गेले? पगार बंद होऊनही इथंच? पण साहेब, दरडीत आता नुसती माती उरलीय. तरी रोज सकाळी फावडं घेऊन जातात आणि दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन—

अगं बाई!

तुम्ही निघा बघू. उठा, उठा, मध उद्या! ते येतीलच इतक्यात, आणि मी अजून केससुद्धा विंचरले नाहीत.